जुन्या टी-शर्टांतून व्यायामाचा पोशाख

व्यायामाचें महत्त्व आतां सुशिक्षित घरांत कोणाला पटवून द्यावें लागत नाहीं. अडचण असते ती निराळीच. व्यायाम करावयाचा कोणत्या वेळीं, कोठें, आणि (हें बोलून दाखविण्यास स्त्रिया बहुधा संकोचतात) कोणत्या वेषांत? पहिल्या दोन प्रश्नांचा खल पुष्कळ होतो. तिसऱ्याकडे फारसें कोणी लक्ष देत नाहीं. परंतु माझा अनुभव असा आहे कीं, मुलींचा ठरविलेला व्यायाम मोडतो तो पुष्कळदां या तिसऱ्या प्रश्नावर. त्या अनुभवाची हकीकत आणि त्यांतून घरच्या घरीं सांपडलेला एक उपाय वाचकांपुढें ठेवावा, म्हणून हा लेख.

पुरुषांच्या बाबतींत हा प्रश्न आपल्याकडे फार पूर्वींच सुटलेला आहे. तालमींत लंगोट असला कीं काम भागे. वऱ्हाडाला तर व्यायामाची परंपरा मोठी. अमरावतीचें श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालीं स्थापन झालें, आणि १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिक सामन्यांच्या प्रसंगीं त्याच्या चमूनें भारतीय खेळांचीं प्रात्यक्षिकें परदेशीयांस करून दाखविलीं. तिकडे औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं सूर्यनमस्कारांचा प्रसार केला, आणि तो स्त्रियांसाठींहि हितकर आहे असें आग्रहानें सांगितलें. पण नमस्कार घालतांना स्त्रीनें अंगांत काय घालावें, हें ज्याच्या त्याच्या घरावर राहिलें. आणि अजूनहि तें बहुतांशीं घरावरच राहिलेलें आहे.

आमचें घर मेडशीचें. अकोल्याहून वाशीमकडे जातांना पातूरचा घाट ओलांडला कीं मालेगांव तालुक्यांतील हें गांव लागतें. १९९८ सालीं अकोला जिल्ह्यांतून वाशीम जिल्हा निराळा निघाला, तेव्हांपासून मेडशी वाशिमांत मोडते. अकोला-नांदेड राष्ट्रीय महामार्ग गांवावरूनच जातो. पहाटे पांचाच्या सुमारास बाहेर पडावें तर रस्त्याच्या कडेनें मुलामुलींचे थवे धांवतांना दिसतात. ही पोलीस भरतीची तयारी. विदर्भांतल्या गांवोगांवीं हें दृश्य आतां नित्याचें झालें आहे. शिपायांच्या भरतींत शारीरिक चांचणीला ५० गुण असतात. मुलींना ८०० मीटर धांवण्याचे २०, १०० मीटर धांवण्याचे १५ आणि गोळाफेकीचे १५. थोडक्या सेकंदांनीं गुण हातचे जातात. तेव्हां थंडी असो कीं धुकें असो, धांवणें चुकवून चालत नाहीं.

माझ्या धाकट्या दिरांची मुलगी या थव्यांत असे. वय एकोणीस, अंगानें काटक, स्वभावानें मितभाषी. गेल्या हिवाळ्यांत एके दिवशीं ती गेली नाहीं. दुसऱ्या दिवशींहि नाहीं. विचारलें तर म्हणे, “पाय दुखतो.” चौथ्या दिवशीं ती माझ्याजवळ भाजी निवडीत बसली असतांना खरें कारण बाहेर आलें.

धांवतांना तिच्या अंगांत असे तो तिच्या थोरल्या भावाचा जुना टी-शर्ट. खांदे दंडावर उतरलेले, गळा ओघळलेला, आणि घेर इतका कीं वारा शिरला म्हणजे सदरा शिडासारखा फुगावा. धांवतांना एक हात गळा सांवरण्यांत गुंतलेला. गोळा उचलण्यास वांकावें तर गळा पुढें लोंबे. रस्त्यांतल्या पुलाच्या कठड्यावर चार टवाळ पोरें बसलेलीं असत. त्यांचें हंसणें तिला वर्मीं लागलें होतें. “काकू, मी धांवूं कीं सदरा धरूं?” एवढेंच ती म्हणाली.

रात्रीं जेवणें झाल्यावर मीं विषय काढला. तयार पोशाखांचा एक जोड आणावा, असें तिच्या आईचें म्हणणें पडलें. भावजी म्हणाले, “चार महिन्यांच्या धांवण्याला नवा पोशाख कशाला? दादाचे टी-शर्ट पेटींत ढिगानें पडून आहेत.” भावजी कृपण नाहींत. त्या सालीं सोयाबीननें हात दिला नव्हता, आणि थोरल्याची शिक्षणाची फी नुकतीच भरलेली होती. त्यांचें बोलणें कोणालाहि वाजवीच वाटलें असतें. पण मुलगी शांतपणें म्हणाली, “दादाचें जुनें मला चालेल, बाबा. पण दादाला आजवर कोणाचें जुनें दिलें आहे?”

यावर कोणीच कांहीं बोललें नाहीं. बोलण्यासारखें नव्हतेंच. काटकसर हा गृहस्थाश्रमांतील मोठा गुण खरा; परंतु ती घरांतल्या एकाच माणसाच्या वांट्याला नेमानें येऊं लागली, तर त्या माणसानें तिला काटकसर कां म्हणावें?

सासूबाई ऐंशीच्या घरांत आहेत. त्या माळ बाजूला ठेवून म्हणाल्या, “मी दंड घातलेलीं लुगडीं नेसलें. त्याची मला कधीं लाज वाटली नाहीं, कारण दंड मीच घातलेला असे. दुसऱ्याच्या अंगावरचें उतरवून तसेंच आपल्या अंगावर चढविणें निराळें, आणि कापून-शिवून आपल्या मापाचें करणें निराळें. उद्यां पेटी उघडा.”

दंड घालणें हा शब्द आजच्या मुलींना ठाऊक नसेल. लुगडें मध्यभागीं विरलें म्हणजे विरलेला भाग काढून टाकावयाचा आणि चांगले राहिलेले दोन तुकडे जोडून पुन्हां नेसावयाचें, ही ती रीत. पुढें त्याचें जुनेर होई, जुनेराचें बाळाचें दुपटें, दुपट्याची गोधडी, आणि सर्वांत शेवटीं पोतेरें. एक वस्त्र घरांत अशा पांच अवस्था भोगून मगच जाई. आपण मात्र टी-शर्टाला दोनच अवस्था ठेवल्या आहेत, अंगावर किंवा अडगळींत.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं पेटी उघडली. सतरा टी-शर्ट निघाले. दोन गणेशमंडळाचे, एक महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनाचा, तीन कोणीतरी जाहिरातीसाठीं फुकट वांटलेले, बाकीचे भावाने आणि भावजींनीं वापरून सोडलेले. जरीच्या कांठाच्या साडीवर बोहारीण पातेलें देते. या ढिगावर ती चहाची गाळणीसुद्धां देईना. पण त्यांतले निम्म्याहून अधिक शुद्ध सुती होते, आणि वऱ्हाडच्या माणसाला सुताची किंमत अशी बोहारणीकडून ठरवून घेतां येत नाहीं. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत, १८६१ ते १८६५ या सालीं, तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला एकदम भाव आला. पुढें १८७० सालीं खामगांवच्या बाजारपेठेसाठीं आगगाडीचा फांटा काढला गेला. आज वाशीमच्या बाजूला सोयाबीननें बरीच जमीन व्यापली आहे, तरी कापूस वेंचणारे हात आम्हीं जवळून पाहिलेले आहेत. एका सुती टी-शर्टाला सरासरी सुमारें २,७०० लिटर पाणी खर्चीं पडतें, असा एक जागतिक अंदाज पुष्कळ ठिकाणीं दिला जातो. आमच्याकडील कापूस बहुतेक पावसावर वाढतो, म्हणून तो आंकडा येथें जसाच्या तसा लागू पडावयाचा नाहीं. तथापि गळा सैल झाला एवढ्याच कारणासाठीं असें वस्त्र टाकून देणें बरें नव्हे, हें समजण्यास आंकड्यांची गरजहि नाहीं.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं.

कापडाची ओळख

टी-शर्टाचें कापड हें धोतर-साडीच्या कापडाहून जातीनेंच भिन्न. धोतर मागावर उभ्या-आडव्या धाग्यांनीं विणलेलें असतें. टी-शर्टांत धाग्याचे फांसे एकमेकांत गुंतविलेले असतात, आपण सुयांवर लोकरीचा स्वेटर विणतों त्याप्रमाणें. तामीळनाडूंतील तिरुपूर शहर या विणीच्या कपड्यांचें आपल्या देशांतील मोठें केंद्र आहे. या विणीचे तीन गुणधर्म ध्यानांत ठेवले कीं पुढचें सारें सोपें होतें. पहिला, हें कापड ताणतें, आणि उभ्यापेक्षां आडवें अधिक ताणतें. दुसरा, कापलें तरी त्याचे दोरे सुटत नाहींत; कांठ मात्र गुंडाळला जातो. तिसरा, एखादा फांसा तुटला तर तेथून शिडी पडत जाते.

कापड सुती आहे कीं नाहीं याची शंका असल्यास आंतल्या शिलाईजवळचा एक दोरा काढून चिमट्यांत धरावा आणि ज्योतीला लावावा. सुती दोरा कागदासारखा जळतो व मऊ राख राहते. पॉलिएस्टर आकसून वितळतें आणि त्याचा कठीण मणी बनतो. ही परीक्षा मोरीजवळ, पाणी हाताशीं ठेवून करावी. सूत आपल्या वजनाच्या सुमारें साडेआठ टक्के ओलावा नुसत्या हवेंतूनच धरून ठेवतें. पॉलिएस्टर अर्धा टक्काहि धरीत नाहीं. म्हणून सुती सदरा घाम चटकन् शोषून घेतो, पण सोडतो सावकाश. पॉलिएस्टर लवकर वाळतें, परंतु घामाचा वास त्यांतून सहजासहजीं जात नाहीं. अर्ध्या-पाऊण तासाच्या आसनांना, नमस्कारांना व आमच्या उन्हाळ्यांतील कोरड्या हवेला सूत उत्तम. लांबच्या धांवण्यांत मात्र भिजलेलें सूत जड होतें आणि काखेंत घांसतें. आम्हीं दोन सदरे सुती टी-शर्टांचे केले आणि लांब धांवण्यासाठीं एक मिश्र धाग्याचा. हिवाळ्यांत व्यायाम संपतांच ओला सदरा बदलावा. नाहींतर घामावर वारा लागून हुडहुडी भरते.

निवडलेला टी-शर्ट उजेडासमोर धरून पाहावा. काखेंत व पाठीवर जेथें वीण विरळ झाली असेल, तो भाग बेतांत घेऊं नये. मग धुण्याच्या सोड्यांत भिजवून, स्वच्छ धुऊन, उन्हांत वाळवावा.

बेतणें

माप जी घालणार तिचेंच घ्यावें, आणि छातीचें माप श्वास पूर्ण भरून घेतल्यावर घ्यावें. घरांत तिला नीट बसणारा एखादा बिनबाह्यांचा कपडा असतोच. तो उभा दुमडून जुन्या वर्तमानपत्रावर ठेवावा, त्याच्या कडेनें रेघ ओढावी, आणि शिलाईसाठीं अर्धा इंच अधिक सोडून कागद कापावा. हाच आपला नमुना.

टी-शर्ट उलटा करून पाटावर किंवा फरशीवर सपाट पसरावा. त्याची खालची शिवलेली कड मोडूं नये. नमुन्याची खालची रेघ त्या कडेवर बरोबर जुळविली म्हणजे खालची दुमड घालण्याचें काम वांचतें. कापडाचा अधिक ताण अंगाभोंवतीं आडवा येईल असेंच कापावें. उलट कापल्यास सदरा छातीवर आवळतो आणि लांबीला लोंबतो. छातीवर जाहिरातीचा जाड रबरी छाप असेल तर तो घाम शोषीत नाहीं. शक्य तर तो भाग कापण्यांतच जाऊं द्यावा.

गळा फार खोल नसावा. पुढें कंठाच्या हाडाखालीं दोन बोटें पुरे. शिवण्यापूर्वीं टांचण्या लावून सदरा अंगांत घालावा आणि तीन गोष्टी करून पाहाव्या. दोन्ही हात डोक्यावर न्यावे, कमरेंत पूर्ण वांकावें, आणि जागच्या जागीं धांवावें. हात वर गेल्यावर पोट उघडें पडलें तर लांबी कमी आहे; वांकल्यावर गळा लोंबला तर गळा खोल आहे; धांवतांना मांड्या अडल्या तर दोन्ही बाजूंना तीन तीन इंचांचे काप ठेवावे. हा एक क्षण दुकानांत मिळत नाहीं, घरींच मिळतो. आणि सगळा फायदा त्यांतच आहे.

शिवणें

येथें माझी चूक सांगितली पाहिजे. आमचें यंत्र सासूबाईंच्या वेळचें, पायानें चालविण्याचें, सरळ टिपेचें. पहिल्या सदऱ्याला मीं ब्लाउजाला घालतें तशी साधी टीप घातली. मुलीनें हात वर केला मात्र, आणि काखेंतून टर्रकन् दोरा तुटला. कापड ताणतें पण सरळ टीप ताणत नाहीं, हें माझ्या ध्यानांत आलें नव्हतें. ज्यांच्या यंत्रावर नागमोडी टीप येते त्यांनीं तीच घालावी. ज्यांचें यंत्र आमच्यासारखें असेल त्यांनीं कापड पुढून व मागून किंचित् ताणून धरून शिवावें, आणि पहिल्या टिपेशेजारीं दुसरी टीप घालावी. यंत्र नसल्यास हातानें उलटी टीप घालावी. ती पुरेशी लवचिक असते. धावदोरा मात्र उपयोगी नाहीं.

सुईहि निराळी लागते. नेहमींच्या टोंकदार सुईनें फांसा तुटतो आणि शिलाईच्या कडेनें बारीक भोकें पडत जातात. या कापडासाठीं गोलसर टोंकाची, बॉल पॉइंट नांवाची सुई शिवणसामानाच्या दुकानांत मिळते. सगळ्या खटाटोपांत विकत आणावी लागली ती एवढीच वस्तु.

गळ्याला व बाह्यांच्या घेराला पट्टी लावावयाची ती कापून काढलेल्या बाह्यांच्या कापडांतून, दीड इंच रुंदीची, ताण लांबीला येईल अशी काढावी. पट्टी घेराइतकीच लांब घेतली तर गळा पसरतो. घेर २४ इंच असेल तर पट्टी २१ इंच घ्यावी आणि लावतांना ती ताणून सारख्या अंतरावर बसवावी. म्हणजे गळा अंगाला चापून बसतो. उरलेल्या तुकड्यांच्या केसांना बांधण्याच्या पट्ट्या होतात. कांठ आपोआप गुंडाळतात, त्यांना शिवावेंहि लागत नाहीं. त्याहून उरेल तें पोतेऱ्याला.

काटकसर कोठें करूं नये

एक गोष्ट मोकळेपणानें सांगावयास हवी. असा सदरा हें वरचें वस्त्र आहे. धांवणाऱ्या मुलीला आंतून छातीला नीट आधार देणारी, धांवण्यासाठींच केलेली घट्ट बॉडी लागते, आणि ती जुन्या टी-शर्टांतून होत नाहीं. आधार नसला तर दुखतें, मुलगी तें बोलत नाहीं, आणि धांवणें सोडून देते. तीच गोष्ट बुटांची. झिजलेल्या तळव्याच्या बुटांनीं डांबरी रस्त्यावर रोज धांवल्यानें गुडघे व नळ्या दुखूं लागतात. या दोन वस्तु नव्या, मापाच्या आणि चांगल्या घ्याव्या. सदऱ्यांत वांचलेले पैसे येथें खर्चावे. काटकसरीचा उद्देशच तो असतो. भावजींना हा हिशेब पटला. पुढच्याच आठवड्यांत ते मुलीला घेऊन अकोल्याला गेले आणि बूट तिच्या पायांत घालून, तिला दुकानांत चालावयास लावून, मगच त्यांनीं पैसे दिले.

दोन सदरे माझ्या हातचे झाले. तिसऱ्याला तिनें स्वतःच कात्री लावली. त्याचा गळा माझ्या सदऱ्यांपेक्षां सरस बसला, हें कबूल करतें. दुसऱ्या दिवशीं पहाटे फाटकाची कडी वाजली तेव्हां मी जागीच होतें. ती परत आल्यावर मीं विचारलें, “पुलावर कोणी होतें का ग?” ती बुटांचे बंद सोडीत म्हणाली, “असतील, काकू. मीं पाहिलें नाहीं.”

संक्रांतीला थोरला घरीं आला. सासूबाईंनीं त्याच्यापुढें त्याचेच दोन जुने टी-शर्ट, कागदी नमुना आणि कात्री ठेवली. “तुझ्या व्यायामाच्या बंड्या तुझ्या तूंच बेत,” त्या म्हणाल्या. तो प्रथम हंसला, मग थोडा कुरकुरला, आणि अखेर बहिणीला विचारीत विचारीत त्यानें एक बंडी पुरी केली. एक खांदा किंचित् वांकडा झाला आहे. ती घालून तो सकाळीं बहिणीबरोबर धांवावयास गेला, आणि परत येतांना बराच मागें राहिला होता.

मुलीची चांचणी अजून व्हावयाची आहे. निकाल काय लागेल तो लागो. आमच्या घरीं आतां एवढें ठरलें आहे कीं, जुनें वापरावयाचें तें सर्वांनीं वापरावयाचें, आणि ज्याच्या अंगावर जावयाचें त्याच्या मापानें करावयाचें. वाचक भगिनींनीं आपापल्या घरची पेटी एकदां उघडून पाहावी. व्यायामाला न जाण्याचें एक कारण तींत घडी घालून ठेवलेलें सांपडण्याचा संभव आहे. आणि त्याला कात्री लावण्यास एक दुपार पुरते.